सुटं इंजिन

एप्रिलच्या सुट्टीत मी इंजिन उघडलं. गाडी १९६६ची, दोन माणसांची, टप नसलेली. उरणच्या एका शेडमधून बाबांनी भंगाराच्या भावात उचललेली. बाबांनी चाळीस वर्षं करंजा बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. आता ते अंथरुणाला खिळले होते. हृदय जेमतेम चालत होतं. डॉक्टर मे महिन्यापुढचं काही बोलत नव्हते. ही गाडी चालू झालेली ऐकायची, एवढीच बाबांची इच्छा होती. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, पण इंजिन जोडायला शिकले ते त्यांच्याच हाताखाली.

पनवेलच्या आमच्या घरात गॅरेज आणि बाबांची खोली यांच्यामध्ये एक खिडकी आहे. सोमवारी दुपारी मी पहिला पिस्टन बसवला, तेवढ्यात तिथून आवाज आला.

"चारू, तीन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय."

"बाबा, इंजिन स्टँडवर उघडं पडलंय. हेडसुद्धा नाही."

"प्रोफेसरबाई, माझे कान गेले नाय अजून. प्लग बघ."

चार नवे प्लग खोक्यात होते. त्यांच्या समाधानासाठी उघडले. तिसऱ्याच्या टोकावर ओली काजळी होती. बोटाला पेट्रोलचा वास आला. गॅरेजात पेट्रोलचा थेंब नव्हता.

मी प्लग पुसून ठेवला.

"आता बरा चाललाय," बाबा म्हणाले. "उरणातून सुटली गाडी." गाडीचा सांगाडा माझ्या पाठीमागे गॅरेजातच उभा होता.

घाबरण्याआधी मला कुतूहल वाटलं, हे कबूल करते. वहीत नोंदी सुरू केल्या: दिवसाचं काम, बाबांच्या मते गाडी कुठे, त्यांची नाडी. मंगळवारी उरलेले पिस्टन बसवले. बाबा म्हणाले, गाडी जासईला आली. बुधवारी गॅस्केट मिळालं नाही, काम बंद, गाडी जासईलाच. गुरुवारी हेड आवळलं, गाडी गव्हाण फाट्यावर. शुक्रवारी मी मुद्दाम हात लावला नाही. बाबा वैतागले.

"कधीची उभी हाय ती. कर की काम!"

"कोण चालवतंय, बाबा?"

"तोंड दिसत नाय. पण रस्ता इचारत नाय कुणाला. घर ठाऊक हाय त्याला."

मी त्यांची नाडी पाहिली. सोमवारी बहात्तर होती. आता एकशे चार. वहीत मागे जाऊन पाहिलं: गाडी पुढे सरकली त्या प्रत्येक दिवशी ठोके वाढले होते.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण शनिवारी सकाळी त्यांनी हात जोडले. वडिलांनी मुलीपुढे. मी कार्ब्युरेटर चढवला, डिस्ट्रिब्युटर बसवला. इंजिन अजून स्टँडवरच होतं. ना बॅटरी, ना पेट्रोल.

"पुलाखालून आली," बाबा म्हणाले. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. "गल्लीच्या तोंडाशी हाय. ऐक, चारू, काय सुरेख चाललीय!"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. इंजिनच्या ब्लॉकला तळवा लावला. गरम होता.

गाडी कुणी पळवू नये म्हणून मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून खिशात टाकतात. अंगठ्याएवढा तुकडा, त्याच्याशिवाय ठिणगी पडत नाही. हे बाबांनीच शिकवलेलं. मी टोपण उघडलं, रोटर उपटला आणि मुठीत धरला.

"बंद पडली," बाबा म्हणाले.

ब्लॉक थंड होत गेला. मी धावत त्यांच्या खोलीत गेले. नाडी ऐंशी. ओठांवर रंग परतत होता. मी खाटेशी बसले. मला हसू आलं.

"रोटर काढलास ना?"

"हो."

"शाणी हायस." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग मान वळवून कान दिला.

"काय झालं, बाबा?"

"दार उघडलं त्यानं. चालत येतोय."

त्यांचं बोट चादरीवर पडू लागलं. एक, एक, एक. सावकाश, चालणाऱ्या माणसाच्या लयीत. मी मोजत राहिले, दुसरं काही सुचेना.

एकशे एकोणीसला बोट थांबलं.

बाबांनी माझ्या खांद्यामागे पाहिलं, पाय जवळ ओढले आणि खाटेवर एका माणसाला बसण्यापुरती जागा केली.