तीन चौकोन

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत. तेही दिवसाउजेडी, एका लहान विमानतळाच्या निरीक्षण खोलीत.

तिथला कॅमेरा उष्णता टिपतो. गरम ते पांढरं, थंड ते काळं. चित्र इतकं भरड, की दूरचं अख्खं विमान म्हणजे सात-आठ पांढरे चौकोन. ते ओळखून खूण करायची, हे भाचीचं आणि तिच्या जिवलग मैत्रिणीचं काम. चारपेक्षा कमी चौकोन दिसले, तर पाखरू किंवा जनावर समजून पुसायचं.

भाचीचा धाकटा भाऊ औषधांचं विमान चालवायचा.

एका मंगळवारी, चार चाळीसला, तो परतताना बेपत्ता झाला.

भाची शोधपथकाबरोबर निघाली. मैत्रीण म्हणाली, "तू जा. मी डोळ्यांत तेल घालून बघते."

त्याची वाट दक्षिणेची, म्हणून पथकाने तीन दिवस दक्षिणेचं रान पालथं घातलं. शुक्रवारी तो सापडला... विमानतळासमोरच्याच डोंगरावर, झाडीत.

डॉक्टर म्हणाले, "कालपर्यंत जिवंत होता."

आठवड्याने भाची कामावर गेली. चार चाळीसला डोक्यावरून इंजिनाची घरघर गेली...

पडद्यावर एकही पांढरा चौकोन नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घरघर. पडदा काळाच.

"ऐकलंस?"

"काय गं?" मैत्रीण म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

भाचीने त्या दिवसांची पुसलेली चित्रं उघडली. डोंगरावर ठिपका. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारीही. पुढे मैत्रिणीची नोंद... जनावर.

"अगं, तीनच चौकोन होते! चार असते तर कळवलं नसतं का? उगाच साहेबांची बोलणी कोण खाणार?"

भाचीने तो ठिपका पुन्हा जागेवर आणला आणि त्याच्याभोवती खूण केली.

त्यानंतर घरघर थांबली.

पण पडद्यावर, त्याच डोंगरावर... तीन चौकोन. पांढरेफटक.

ते रोज खाली सरकू लागले. पायथा. धावपट्टी. कुंपण.

काल ते खोलीच्या दाराबाहेर होते. भाचीने दार उघडून पाहिलं, कुणी नाही.

मैत्रीण रडकुंडीला आली. "पुसू का गं?"

"तीनच आहेत," भाची म्हणाली. "चार झाले की कळव."

हे मला सांगताना ती हसत होती.

आता साडेचार वाजलेत. तिला फोन लावावा म्हणतोय, पण हात धजत नाही.