चहाचं तळं

रेहाने चित्रांच्या गॅलरीत शिरली ती केवळ ओली ओढणी झटकायला. बाहेर तेहरानच्या वलीअस्र रस्त्यावरचे चिनार अजून टपटपत होते. दाराजवळच्या टेबलावर एक चित्र सुकत ठेवलेलं — निजलेली इवलीशी मासोळी, आणि तिच्या उशाशी चहाच्या पेल्याचा गोल डाग.

'कोणी बरं पेला टेकवला…' असं पुटपुटत तिनं ओढणीच्या ओल्या टोकानं डाग हलकेच टिपला.

"ते तळं होतं," मागून आवाज आला.

चित्रकारच होता तो, बामदाद. बाहीला हळद, बोटांना डाळिंबाच्या सालीचा रंग. चित्रं तो अशाच रंगांनी काढी, शाईला शिवतच नसे.

"मला वाटलं… चहा सांडलाय."

"सांडलाच आहे. मुद्दाम." तो हसला. "असू दे, मासोळीला पोहायला जागा झाली."

रेहानेला वाटलं, जमीन दुभंगावी. "चित्र फार गोड आहे हो," ती कशीबशी म्हणाली.

"मग तुमचंच समजा. तुमच्यापुढे त्याची काय किंमत?"

यावर "छे, छे" म्हणायचं असतं, आणि वस्तू जागच्या जागी राहते. तेहरानात शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण शरमेनं तिच्या तोंडून निघालं, "आभारी आहे," आणि चित्र उचलून ती चालती झाली.

संध्याकाळी मावशीकडे करबलाच्या शहिदांची शोकगीतं होती. एरवी पहिल्या सुरालाच रेहानेचे डोळे वाहत. आज ती कोरडीच. गाणाऱ्या बाई मध्येच थांबून म्हणाल्या, "ज्याला लाज वाटते ना, त्याच्या काळजात अजून ओल असते, बायांनो." तेव्हा मात्र तिला हुंदका आला.

सगळं ऐकून मावशीनं कपाळावर हात मारला. "अगं बये, टॅक्सीवालाही 'पैसे राहू द्या' म्हणतो. उतरून जातेस का तशीच?"

सकाळी ती चित्र घेऊन पुन्हा गेली. टेबलभर पेले, कागदभर गोल डाग, आणि त्यांत बसलेला, रात्रभर न झोपलेला बामदाद. तिला पाहताच तो कागद झाकू लागला.

"हे काय चाललंय?"

"पुस्तकाचं शेवटचं पान होतं ते. आज छापायला द्यायचंय." त्याचे कान लाल झाले. "पण चहा एकदा ओघळतो तसा पुन्हा ओघळत नाही."

"मग काल मागून का नाही घेतलंत?"

"कसं मागणार? 'तुमचंच' म्हणालो होतो." तो पेल्यांकडे बघत राहिला. "रीत म्हणून बोललो, खोटं कशाला सांगू… पण तुम्ही खरंच घेऊन गेलात, आणि मला आनंद झाला. चित्र गेलं तरी झाला. त्याचीच लाज वाटतेय."

रेहानेनं चित्र त्याच्यासमोर ठेवलं. तिनं पुसलेलं तळं मासोळीच्या शेपटीपर्यंत पसरलं होतं.

"असंच छापणार आहे," तो हळूच म्हणाला. "चहा… घ्याल?"

'कशाला उगाच त्रास' म्हणायची ही वेळ. तिनं स्टूल ओढलं.

"घेईन."

तो गडबडून उठला. स्वच्छ पेला एकही उरला नव्हता.

"तुमच्या पेल्यातला चालेल," ती म्हणाली. मानेपर्यंत लाल झाली… पण नजर काही तिनं झुकवली नाही.