सातव्या क्रमांकाची टेप

"'झिपऱ्याची सहल' सातवी? म्हणजे अगदी तळाला?"

कुणीतरी माझ्या खांद्यावरून यादी वाचत होतं. मी वळले. बोटांना वाळलेला डिंक, बाहीला लोकरीचे धागे... झिपऱ्या बाहुल्याला हल्ली हाच नाचवतो, हे मला ठाऊक होतं.

झिपऱ्याची लोकप्रिय मालिका केव्हाच जतन झाली होती. आमच्या संग्रहालयाच्या तळघरात उरले होते नंतरचे सात टीव्ही-चित्रपट, एकापेक्षा एक फसलेले. टेपांवरचा लेप सुटत चालला होता. प्रत्येक टेप आठ तास भट्टीत शेकायची आणि एकदाच चालवून तिची प्रत संगणकावर उतरवायची. यंत्राचं टेप वाचणारं शेवटचं हेड फार तर तीन टेपा काढेल. कुठल्या तीन, हे मी ठरवायचं होतं.

"सहलीत एका प्रसंगात बाहुल्यापेक्षा माणसाचा हातच जास्त दिसतो," मी म्हटलं. "इतकी ढोबळ चूक..."

"तो हात माझ्या आईचा आहे."

मी यादीवरचं पेन उचललं.

"पक्षाघात झालाय. आता तो हलत नाही. तिला एकदा दाखवायचा होता." मग तो हसला. "पण वशिला नको हं. मी वादात जिंकेन!"

त्यानंतर रोज दुपारी तो भांडायला यायचा.

"'झिपऱ्या चंद्रावर' दुसरा? अहो, त्या चंद्रावर चादरीची घडी दिसते!"

"गोष्ट तरी धड आहे."

"तुमचं काळीज किती अंशांना वितळतं हो?"

"मोजलं नाही अजून..." मी मान खाली घातली. कान मात्र तापले होते.

यादी मी बदलली नाही. आवडत्या माणसासाठी आकडा हलवायचा नाही, एवढंच मी शिकले होते.

दुसरी टेप भट्टीत असताना त्याची आई गेली.

तिसरी टेप उतरली, तरी हेडमध्ये थोडी धुगधुगी होती. मी सातवी शेकून ठेवली आणि वाट पाहिली. आई गेल्यावर नवव्या दिवशी तो आला — दाढी वाढलेली, डोळे कोरडे. मी टेप लावली.

अकराव्या मिनिटाला चौकटीच्या खालून हात वर आला. करंगळीला चिकटपट्टी होती. झिपऱ्याची कललेली मान त्या हाताने सावरली, तो क्षणभर तिथेच थांबला... आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. हेड गेलं होतं.

"ही आधी घेतली असती, तर त्यांना पाहता आलं असतं," मी म्हटलं.

"हो."

"रागावला आहात?"

"हो. फार." त्याने टेपचं रिकामं खोकं हातात घेतलं. "घरात एकट्याला रागावता येईना... म्हणून इथे आलो. तुझ्याजवळ."

मी उतरलेली प्रत पहिल्यापासून लावली. हात यायला अकरा मिनिटं होती. त्याने माझा हात धरला आणि आम्ही वाट पाहत बसलो.