पायरीवरचा धक्का

"मला माझ्या मुलीचा तपास करून हवा आहे," उषा रणदिवे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

सुभानपुऱ्यातल्या आपल्या छोट्या खासगी तपासाच्या ऑफिसात अहल्या शिर्के यांनी नवऱ्यांवर पाळत ठेवू पाहणाऱ्या बायका आणि बायकांवर संशय घेणारे नवरे पुष्कळ पाहिले होते. मुलीचा तपास मागणारी आई मात्र पहिलीच. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्यांचे दीर माधवराव विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून वहिनींना मदत करायला म्हणून येत आणि बहुतेक वेळ चहा पीत. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

उषाचं घर हरणीतल्या एका सोसायटीत. नवरा जहाजावर, घरात सासरे आणि पंधरा वर्षांची मोहना. नवरात्र तोंडावर आलेलं. गरब्यात सगळ्यांत पुढची जागा मोहनाची होती, पण तिचे पाय चुकायला लागले म्हणून ती सोसायटीतल्याच अबोलीला दिली. दुसऱ्याच दिवशी क्लबहाउसच्या पायऱ्यांवरून अबोली खाली कोसळली आणि तिचं मनगट मोडलं. मोहनाने ढकललं, असं सगळ्यांचं म्हणणं. उद्या कमिटीपुढे तिने कबुली द्यायची, नाहीतर अबोलीचे वडील पोलिसांत जाणार.

"मोहना काय म्हणते?"

"काहीच नाही. हल्ली ती अशीच वागते. सकाळी डोकं दुखतं म्हणून शाळा बुडवते आणि संध्याकाळी गरब्याला तयार. शेजाऱ्यांची पाण्याची मोटर रात्रभर हुश्श हुश्श करते म्हणून त्यांच्याशी भांडून आली. त्यांच्याकडे मोटरच नाही. तिने ढकललं असेल तर मी तिला हॉस्टेलला ठेवीन, बेन. पण मला खरं कळू दे."

डोकेदुखीवर काही दिलं का, असं अहल्याबाईंनी विचारलं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आपल्या घरात कोणी गोळी घेत नाही, असं उषाने ठासून सांगितलं. घरचे सगळे तिला वचकून असणार, हे माधवरावांनासुद्धा समजलं.

अहल्याबाई आणि माधवराव आधी अबोलीच्या घरी गेले. ती हाताला प्लॅस्टर घालून बसली होती.

"ती वाकली, पडलेली दांडिया उचलली, उठली आणि सरळ माझ्या अंगावर आली ने. माझ्याकडेच बघत होती."

"हातांनी ढकललं?" अहल्याबाईंनी विचारलं.

अबोलीने विचार केला. "नाही. खांदा लागला."

रणदिव्यांच्या घरी सासरे, अरविंदराव, अगत्याने पुढे झाले. सून ऑफिसला गेली की नातीचं दूधबीध तेच बघत. पोरगी अलीकडे एक डोळा मिटून वाचते, चष्मेवाला म्हणतो नंबर तोच आहे, असं ते सांगत होते. त्यांच्या पलंगाजवळच्या फळीवर गाजराचं चित्र असलेली एक बाटली होती. भिंतीवर मागच्या दिवाळीचा फोटो होता. त्यात मोहनाचे गाल मुरुमांनी भरलेले होते; आतल्या खोलीच्या दारातून दिसणाऱ्या मोहनाचे गाल आता नितळ होते.

उषाचा भाऊ अनीश तिथेच होता. तो औषधाच्या कंपनीत विक्रीचं काम करी. बोलका माणूस.

"चेहरा छान झाला मुलीचा," अहल्याबाई म्हणाल्या.

"वय आहे, येतात नि जातात," अनीश म्हणाला. "फक्त ओठ फार फुटतात तिचे. मलम मीच आणून देतो."

बाहेर भाद्रपदातला दमट उकाडा होता. माधवराव रुमालाने मान पुसत होते.

मोहना खोलीत दोन उशांना टेकून बसली होती. अहल्याबाईंनी अबोलीचं नावही काढलं नाही. ती हुश्श हुश्श आत्ता ऐकू येते का, एवढंच विचारलं. मोहनाने होकारार्थी मान हलवली.

"मग त्या आवाजाच्या तालावर गुडघ्यावर बोट वाजव."

मोहना बोट वाजवू लागली. अहल्याबाईंनी तिचं दुसरं मनगट हातात धरलं. वहिनींना माया आली, असं माधवरावांना वाटलं आणि ते उगाच हळवे झाले. अहल्याबाई उठल्या त्या थेट फोनकडे गेल्या, आणि तासाभरात सगळं घर डोळ्यांच्या इस्पितळात होतं.

डॉक्टरांनी मोहनाला तपासून आत ठेवून घेतलं. बाहेरच्या बाकांवर अहल्याबाईंनी चौघांना बसवलं.

"ढकलणारा माणूस हात वापरतो. मोहनाचा खांदा लागला. ती अबोलीकडे बघत होती, पण तिला अबोली दिसत नव्हती. तिच्या कवटीच्या आतला दाब वाढलाय. डोळ्यांच्या नसा सुजल्यात, हे डॉक्टरांनी आत्ता पाहिलं. या दुखण्यात वाकून उठलं की काही क्षण अंधार होतो. एकाचे दोन दिसतात, म्हणून ती एक डोळा मिटून वाचते. आडवं झोपलं की दाब वाढतो, म्हणून सकाळी डोकं दुखतं आणि दिवसा उतरतं."

"आणि मोटर?" माधवरावांनी विचारलं.

"तिच्याच नाडीचा आवाज, भावजी. तिचं बोट आणि तिची नाडी एकाच तालात चालत होती. तेव्हाच मला भीती वाटली."

मग त्या अनीशकडे वळल्या. "असल्या हवेत ओठ फुटत नाहीत. मुरुमांवरच्या एका जालीम गोळीने फुटतात. ती तुम्ही गुपचूप दिलीत."

अनीशचा चेहरा उतरला. "ती रडत होती. पुढे नाचायचं आणि तोंड असं. ताईने कधी घेऊ दिली नसती."

"ती गोळी अ जीवनसत्त्वाच्याच कुळातली. तिने एकटीनेही कधीकधी हा दाब वाढतो. नजर अंधुक झाली तेव्हा मोहना आजोबांकडे गेली. अरविंदराव, त्या बाटलीत काय आहे?"

"अ जीवनसत्त्व," म्हातारा पुटपुटला. "डोळ्यांना चांगलं म्हणून... रोज दुधाबरोबर. सुनेला सांगितलं नव्हतं."

"मामाचं आजोबांना माहीत नाही, आजोबांचं मामाला नाही, आणि दोन्ही मिळून मात्रा फार झाली. दोघांनी मायेपोटीच दिलं. आणि गरबा बंद होईल म्हणून मोहना गप्प राहिली."

उषाने तिथूनच कमिटीच्या प्रमुखांना फोन लावला. माझी मुलगी आजारी आहे, तिने कोणाला ढकललेलं नाही, मीच तिला दोषी धरून बसले होते, असं तिने सांगितलं. तिला फार लाज वाटत होती आणि ती तिने लपवली नाही.

डॉक्टर बाहेर आले. दोन्ही गोळ्या आजपासून बंद. मेंदूचा फोटो काढायचा, पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढून दाब मोजायचा, औषध सुरू करायचं. मधली नजर वाचेल असं त्यांना वाटत होतं. दोन्ही बाजूंची कडेची नजर मात्र बरीच गेली होती. ती किती परत येईल, हे आज सांगता येणार नव्हतं.

उषा आत गेली तेव्हा मोहनाचे डोळे मिटलेले होते; ती पलंगाला लागून, मुलीच्या खांद्याशी स्टुलावर बसली. मोहनाने डोळे उघडले आणि समोरच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या आजोबांकडे पाहिलं.

"आजोबा, आई अजून आली नाही का?" तिने विचारलं.

उषा उठली, स्टूल उचललं आणि मुलीच्या समोर येऊन बसली.