चार भोकांचा राजशिक्का

“चोर सापडलाच समजा!” काचेच्या पेटीवर नाक टेकवून ढब्बू ओरडला, आणि चिमीने आपलं दप्तर घट्ट धरलं.

वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात ग्रंथपालकाकांना कुठल्याशा अज्ञात राज्याचा पिवळट नकाशा मिळाला होता, तोही अर्धाच! तो त्यांनी काचेच्या पेटीत मांडून ठेवला होता. उरलेला अर्धा वाचनालयाची पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडर आजोबांनीच लांबवला, असं परस्पर ठरवून काकांनी त्यांच्या खोलीला कुलूप ठोकलं. तीन दिवस आजोबा पायरीवर नुसते बसून होते.

मग चिमीचा दादा आणि मावसभाऊ ढब्बू कॅरम सोडून तपासाला लागले. चिमी मात्र खाली मान घालून त्यांच्यामागून फिरत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही.

“नकाशावरचा हा लाल शिक्का बघ,” ढब्बू दादाला म्हणाला. “ काका म्हणतात, राजघराण्याचे चार तारे! मला तर बटणाची भोकं दिसतायत.”

“हॅट! राजा काय बटणाने शिक्के मारतो?” दादा हसला आणि सहज त्याची नजर स्वतःच्या कोटाकडे गेली. मोठ्ठं बटण, चार भोकं, एक कडा तुटलेली. शिक्क्याचीही कडा तुटकीच होती!

“दादा, तू?” ढब्बू मागे सरकला.

“मी? छे! शप्पथ!”

आता दादाही अडकणार! चिमीला राहवेना.

“मी केलं!” ती रडवेल्या आवाजात म्हणाली. “राजवाड्यांच्या, मुकुटचोरांच्या गोष्टी वाचल्या आणि माझं राज्य काढलं. कागद चहात बुडवला, लाल मेणबत्तीच्या मेणावर दादाच्या कोटाचं बटण दाबलं. आजोबा जेवायला गेले तेव्हा त्यांच्याच खळीने पुठ्ठ्यात चिकटवलं. कुणाला तरी सापडेल, गंमत होईल, म्हणून! उरलेला अर्धा माझ्या दप्तरात आहे.”

“पोरीचा खेळ? अशक्य!” ग्रंथपालकाका गरजले. पण दोन्ही तुकडे तंतोतंत जुळले, बटण शिक्क्यात चपखल बसलं, आणि काकांनी खजील होऊन कुलूप काढलं. आजोबांची माफीही मागितली.

“शाब्बास! खरं बोलायला धाडस लागतं,” सगळे म्हणाले. चिमीला ती शाब्बासकी गोड लागेना.

“आजोबा, मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं.”

“हवं होतं,” आजोबा म्हणाले. मग नकाशावरून बोट फिरवत म्हणाले, “खळ मात्र छान लावलीस गं. एक सुरकुती नाही! उद्या ये, आता माझ्यासमोर लाव.”

तीन दिवस दाबून ठेवलेलं चिमीचं रडू तेव्हा फुटलं.