मिठाच्या रस्त्यावरची कॅडिलॅक

गोठलेल्या नदीवर गळ टाकायला आलेल्या दोघांना सोमवारी सकाळी आधी गाडी दिसली, मग माणूस.

गाडी १९८५ची, गर्द मरून रंगाची, लांबलचक कॅडिलॅक. होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर ती नाक नदीकडे करून उभी होती. पुढच्या सीटवर घडी घातलेला ओव्हरकोट आणि त्यावर हॅट. उताराच्या टोकाशी बर्फ फुटला होता. तिथे ओडेल पेटवे पालथे तरंगत होते. वय अठ्ठ्याहत्तर, फ्लिंटच्या मोटार कारखान्यातून निवृत्त.

सार्जंट विल्मा गेन्स गाडीत बसली. किल्ली लावलेलीच होती. ती फिरवताच डॅशबोर्डवर हिरवे आकडे उजळले. आठ बेचाळीस. तिने मनगटावर पाहिलं, तिथेही आठ बेचाळीस. सवयीने तिने ते वहीत टिपलं. मग खाली उतरून गाडीच्या पोटाखाली बोट फिरवलं. बोटाला पांढरं मीठ लागलं, बर्फ वितळावा म्हणून हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते.

विल्माचा बाप त्याच कारखान्यात दरवाजे जोडायचा. मिठाने पत्रा गंजतो, अशी गाडी जानेवारीत त्यावर कोणी काढत नाही, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "डोक्याला मागे मार आहे, बर्फावर आपटले असतील. पण फुप्फुसात पाणी आहे. बुडूनच गेले."

बायको ऑक्टोबरात गेली आणि म्हातारा जानेवारीत नदीत उतरला. सगळ्यांनी मनातल्या मनात फाइल मिटवून टाकली. फक्त त्यांची मुलगी कोरीन ते मानायला तयार नव्हती.

"शनिवारी पप्पांचा फोन आला होता," ती म्हणाली. "मी उचलला नाही. दमले होते, म्हटलं उद्या करीन. मला एवढंच सांगा, मी उचलला असता तर ते आज असते का?"

विल्माने वही काढली. "गाडीबद्दल सांग," ती म्हणाली.

"ती त्यांचा जीव होती. आईला दर रविवारी चर्चला उशीर व्हायचा, म्हणून गाडीतलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे. आईला ते ठाऊक होतं, तरी ती घाई करायची. एमस काका चिडवायचे, 'ओडेल, तुझी गाडी खोटं बोलते.'"

"एमस काका कोण?"

"एमस लायल. पप्पांचे दोस्त, पलीकडच्या गल्लीतले. गाडीचं सगळं दोघं मिळूनच करायचे."

ओडेल यांच्या घरात वरच्या मजल्यावर त्यांचा भाचा राहायचा, डेक्स्टर. विल्माने आधी त्याला गाठलं.

"रविवारी संध्याकाळी कुठे होतास?"

"गोदामात, कामावर. चारला आत, बाराला बाहेर. मामांची पिकअप घेऊन गेलो होतो. कॅमेऱ्यात बघा, बारापर्यंत तिथेच उभी आहे."

"कॅडिलॅक कुणाला मिळणार होती?"

"मला. रविवारी चर्चनंतर मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी तिला सव्वीस इंची चाकं लावणार होतो, जांभळा रंग मारणार होतो. मामा हसले. म्हणाले, निदान कोणीतरी ती चालवील."

"एमस तिथे होते?"

"होते की. केक बशीत तसाच टाकून उठले."

"गाडी नीट चालवता येते तुला?"

"चालवता येते. पण तो जुना रेडिओ? कुठलं बटण कशाचं, देव जाणे. मी आपला इअरफोन कानात लावतो."

एमस लायल दुसऱ्या दिवशी ठाण्यात आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ, कोटाची सगळी बटणं लावलेली. कारखान्यात पाळ्यांची वेळ राखण्यात त्यांचा जन्म गेला होता. बसायच्या आधी त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"तुमचं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे, बाई."

"असेल. ओडेलना शेवटचं कधी पाहिलंत?"

"चर्चमध्ये. नंतर घरी होतो. एकटाच."

"गाडी हिवाळ्यात कधी निघते?"

"कधीच नाही. मिठाचा पहिला ट्रक फिरायच्या आधी आत. बॅटरी काढून तळघरात, मांडणीमागे. एप्रिलमध्ये दोन पाऊस पडून रस्ते धुतले गेले की बाहेर. एकोणचाळीस हिवाळे झाले."

"आणि तुमची स्वतःची?"

"माझीही तशीच होती. नव्याण्णव साली गंजून गेली. तेव्हापासून ओडेलची तीच आमची दोघांची." ते थांबले. "खालून धुतलीत का ती? गरम पाण्याने धुवा. मीठ राहिलं तर वसंतापर्यंत तळ खाऊन टाकेल."

बुधवारी त्यांनी त्यासाठी दोनदा फोन केला. विल्माला त्या माणसाची दया आली, आणि नेमकं त्याच वेळी तिने वही पुन्हा उघडली.

गुरुवारी तिने तिघांनाही पोलिसांच्या गॅरेजमध्ये बोलावलं. गाडी मधोमध उभी होती. खालून धुतलेली नव्हती.

"बॅटरी ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीनपासून तळघरात होती," विल्मा म्हणाली. "ती जोडली की हे घड्याळ एक वाजल्यापासून सुरू होतं. मी काल काढून, जोडून पाहिलं. पण सोमवारी सकाळी ते बरोबर होतं. म्हणजे कोणीतरी बॅटरी जोडली आणि मग घड्याळ लावलं."

"पप्पांनी लावलं असेल," कोरीन हळूच म्हणाली.

"मरायला निघालेला माणूस घड्याळ लावत बसत नाही. आणि त्यांनी लावलंच असतं, तर दहा मिनिटं पुढे. हे मिनिटाला मिनिट बरोबर होतं. ते लावायला रेडिओची दोन बटणं एकदम दाबून ठेवावी लागतात. डेक्स्टरला ती ठाऊकच नाहीत, आणि तो गोदामात होता. बॅटरी कुठे असते ते ज्याला ठाऊक आहे, जो दर एप्रिलला ती जोडतो, आणि ज्याला खोटं बोलणारं घड्याळ खपत नाही, असा एकच माणूस उरतो."

एमस गाडीकडे बघत होते.

"तुम्ही संध्याकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये गेलात," विल्मा म्हणाली. "चाकांवरून वाजलं. तुम्ही ढकललंत, ते फरशीवर पडले. पिकअप डेक्स्टरकडे, म्हणून त्यांना नदीवर न्यायला ही काढावी लागली. बॅटरी जोडलीत आणि हात आपोआप बटणांकडे गेला."

"जांभळी," एमस म्हणाले. "जांभळी करणार होता हा पोरगा तिला. मी म्हटलं, ओडेल, आपलं आयुष्य आहे ते. तो म्हणाला, आयुष्य झालं आपलं, एमस. मी फक्त ढकललं. तो जागच्या जागी गेला. मेलेल्या माणसाला नदीचं काय, असं वाटलं मला."

विल्माला पुढचं बोलावंसं वाटत नव्हतं. पण कोरीन ऐकत होती, आणि तिला खरं हवं होतं.

"त्यांच्या फुप्फुसात पाणी होतं, मिस्टर लायल. तुम्ही त्यांना नदीत टाकलंत तेव्हा ते श्वास घेत होते. दवाखाना त्यांच्या गॅरेजपासून सहा मिनिटांवर आहे."

एमस मागे कलले. डेक्स्टरने त्यांना धरलं नाही. ते गाडीच्या दाराला टेकून खाली बसले.

त्यांना नेल्यावर कोरीनने डेक्स्टरला विचारलं, "शनिवारचा फोन?"

"मी शेजारीच होतो. गाडी मला दिली तर तुला वाईट वाटेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तू उचलला नाहीस तर म्हणाले, झोपली असेल पोरगी, झोपू दे."

पप्पा गेल्यापासून कोरीन पहिल्यांदाच रडली.

शनिवारी अंत्यविधी होता. पहाटेपासून बर्फ पडत होता आणि शववाहिकेच्या पुढे मिठाचा ट्रक चालला होता. कोरीन कॅडिलॅकच्या स्टीअरिंगमागे बसली, डेक्स्टर शेजारी.

"रस्त्यावर मीठ आहे," तो म्हणाला.

"असू दे."

तिने रेडिओची दोन बटणं एकदम दाबून धरली. हिरवे आकडे दहा मिनिटांनी पुढे सरकले.

"आई कधीच पोचलीये," ती म्हणाली. "आज पप्पांना उशीर नको." आणि तिने गाडी मिठावर घातली.