गच्चीवरच्या मुंग्या

चर्चचे पाळकसाहेब योगेंद्र यांचा फोन आला तेव्हा रिटायर हवालदार जीवराम नुकताच आडवा झाला होता. चोपड्यातलं मे महिन्याचं ऊन, त्यात हे गुडघे. माणसाला निवांत मरूही देत नाहीत!

"जीवरामभाऊ, याच. संध्याकाळी कमिटी वनाला कामावरून काढतेय."

चर्चवर सोलर बसल्यावर सगळे खूश होते. पण गेला आठवडाभर संध्याकाळच्या प्रार्थनेत पंखे बंद पडत होते. बॅटरी रिकामी. देखभाल करणारा वना चोरून रिक्षांच्या बॅटऱ्या चार्ज करतो, अशी कुजबुज सुरू झाली. वना आवारातल्या खोलीत एकटाच राहायचा. नोकरी गेली की खोलीही जाणार होती.

जीवराम कण्हत गच्चीवर चढला. पायाखाली धुळीचा थर, सोलरच्या प्लेटा मात्र लख्ख. त्यांच्या कडेने मुंग्यांची रांग चाललेली.

"वना, प्लेटा धुतल्यास का रे?"

"पानी कोठे शे, भाऊ? शे ते बठ्ठं पानी रोपसले घालस. दिनभर मी कब्रस्तानमाच ऱ्हास."

"गच्चीची चावी?"

"पाळकसाहेबसना घरमा. खिळाले टांगेल शे."

पाळकसाहेबांच्या आई सुंदरबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, अंगणात कडुलिंबाखाली बसल्या होत्या. भर दुपारी त्या अंगणात उन्हाचा कवडसा नव्हता. त्यांनी भाजलेला बिबडा पुढे केला. ज्वारीचा, यंदाच्याच वाळवणातला, पापडासारखा कुरकुरीत.

"अक्का, वनाचं काय वाटतं?"

"लोक बोलतात, तर काही असेल," त्या ताटलीकडे बघत म्हणाल्या.

जीवरामने बिबडा संपवला. आपण चुकलो तर बरं होईल, असं त्याला फार वाटलं.

संध्याकाळी चर्चमध्ये घामाच्या धारा. सगळे पदराने, रुमालाने वारा घेत होते.

"बॅटरी कुणी रिकामी केली नाही," जीवराम म्हणाला. "ती भरलीच नाही. गच्चीवर एवढी धूळ, आणि काच तेवढी पुसलेली. वनाकडे धुवायला पाणी नाही. मग पुसली कुणी? जिला तिथे खायची वस्तू वाळवायची होती तिने. मुंग्या नुसत्या काचेवर कशाला येतील? ओले बिबडे थापलेली लुगडी प्लेटांवर पसरली, की खाली ऊन पोचणार कसं? चावी पाळकसाहेबांच्या घरात. त्या अंगणात ऊन पडत नाही. आणि यंदाचा बिबडा मी दुपारीच खाल्ला."

"आई?" पाळकसाहेब अक्कांकडे वळले.

"मला वाटलं, ऊन तर फुकटचं," अक्का म्हणाल्या. "पंखे कशानं थांबतात ते आज ध्यानात आलं, तेव्हा दुपारी लुगडी काढली. तोवर वनाचं नाव निघालं होतं. लाज वाटली रे. पाळकाच्या आईनं कोणत्या तोंडानं सांगायचं?"

वना दाराशी उभा होता. पायाशी सकाळीच बांधून ठेवलेलं बोचकं.

"दरसाल पहिला बिबडा तुम्ही माले देतस, अक्का," तो म्हणाला. "यंदा माले नको."

बोचकं उचलून तो आपल्या खोलीकडे परत गेला. अक्का उठून उभ्या राहिल्या, पण त्यांना पुढे पाऊल टाकवेना. जीवराम बाकावर टेकला. त्याच्या तोंडात अजून ज्वारीची चव होती.